गोळी झालेली पिल्लं

आत्याच्या घरी माणसांपेक्षा कुत्र्यांना जास्त मान, असं तिची वहिनी म्हणायची, आणि त्यात खोटं काही नव्हतं. पाहुणा आला तर त्याला बसायला खुर्ची रिकामी सापडत नसे. सीमेपलीकडच्या गावांत बेवारस कुत्री धरून मारून टाकत. तिथली चार भली माणसं त्यांतली जमतील तेवढी लपवून ठेवत, गाडीवाला ती पिंजऱ्यांतून इकडे आणी, आणि आत्या त्यांच्या अंगावरचे गोचीड काढून, हाडांवर मांस चढेपर्यंत खाऊ घालून त्यांना चांगली घरं बघून देई. लेकीसाठी स्थळ बघावं तशी चिकित्सा करून बघे.

भावाला मुलगी झाली आणि घरातला हा पसारा आवरला गेला. पिटू रांगायला लागली, वहिनीला कामावर परत जायचं होतं, भाऊ नोकरीपायी कायम बाहेरगावी, आणि पोरीला सांभाळायला आत्याइतकं हक्काचं माणूस दुसरं नव्हतं. वहिनीने एकच अट घातली. "ताई, पोर तुमच्याकडे राहील, पण घरात कुत्रं नको. एकही नको." आत्याने मान डोलावली, आणि खरंच दोन-अडीच वर्षं अट पाळली. कुत्री परस्पर गाडीवाल्याच्या गोदामात उतरत आणि आत्या सकाळी तिकडे जाऊन त्यांचं सगळं करून येई. पिटूवर तिचा जीव होता, हे तिच्या वैऱ्यानेही कबूल केलं असतं.

मग ती पिल्लं आली. इतकी लहान, की कायद्याने त्यांना सीमा ओलांडताच येत नव्हती. गाडीवाल्याने सीटमागे पोत्याखाली दडवून आणली होती, आणि गोदामावर तर तपासनीस यायचा होता.

"ताई, दोन-चार दिवस ठेवून घ्या," गाडीवाला फाटकाशी उभा राहून म्हणाला. "सापडली तर ते लोक सुई टोचून मारून मोकळे होतील."

"गोळी झाली का?" आत्याने विचारलं.

"झाली. मी स्वतः घशात घातली."

या मंडळींत हा प्रश्न ठरलेला होता. सीमा ओलांडण्याआधी कुत्र्याला जंताची गोळी द्यावी लागे, त्याशिवाय नाक्यावर सोडत नसत. त्यामुळे गोळी झाली म्हणजे कुत्रं आतून-बाहेरून स्वच्छ झालं, असा सगळ्यांचाच समज. कसली गोळी, कुठल्या जंताची, असल्या भानगडीत कोणी पडलं नव्हतं; आत्या तरी कशाला पडते? तिने पिल्लं मागच्या शेडमध्ये ठेवली.

दोन-चार दिवसांचे आठवडे झाले. पिल्लांची पोटं टम्म फुगली होती. आत्याला वाटलं, बाळसं धरलं. डॉक्टरकडे न्यायची सोय नव्हती, कारण दात बघताच वय कळलं असतं. पिटूला मात्र स्वर्ग सापडला. शेडपुढच्या मातीत ती फतकल मारून बसे, पिल्लं तिच्या अंगावर चढत, तोंड चाटत, आणि ती मातीचा स्वयंपाक मांडून सगळ्यांना वाढी. स्वतःही खाल्ल्यासारखं करी. ते नुसतं नाटक होतं, असं आत्या धरून चालली होती. संध्याकाळी वहिनी घाईघाईत येई, फाटकातूनच हाक मारी, आणि आत्या पोरीचे हातपाय धुऊन तिला बाहेर आणून देई. पिटू घरी भूभूंच्या गोष्टी सांगायची. वहिनीला वाटे, आत्या गोष्टी छान रंगवून सांगते.

पिल्लं घरोघरी गेली. शेड धुऊन निघाली. माती तिथेच राहिली.

एकदा केलं की दुसऱ्यांदा जड जात नाही. त्यानंतर गाडीवाला पिल्लं सरळ आत्याकडेच उतरवू लागला.

काही महिन्यांनी वहिनीला फोटोत पिटूच्या एका डोळ्याची बाहुली पांढरी दिसली. मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी डोळ्यात प्रकाश टाकून पाहिलं, मशीनखाली झोपवून पाहिलं आणि मग वहिनीला आणि आत्याला समोर बसवलं.

"डोळ्यात गाठ दिसते आहे. कॅन्सर असेल तर तो मेंदूपर्यंत जायला वेळ लावत नाही. पण दुसरंही एक कारण असू शकतं, म्हणून विचारते. घरात कुत्र्याची पिल्लं आहेत? शेजारीपाजारी? ही कधी पिल्लांत खेळली आहे?"

"छे हो," वहिनी म्हणाली. "कुत्र्याला मी दारात उभं करत नाही." मग ती वळली. "ताई, तुमच्याकडे?"

आत्याच्या शेडमध्ये त्या घडीला नवी पिल्लं होती. हो म्हटलं तर तपासनीस दारात, आणि एकेकाला सुई. वहिनीसमोर खोटी पडायची ते वेगळंच. आणि गोळी तर झाली होती की. पिल्लं स्वच्छ होती, मग त्यांचा इथे संबंधच काय? स्वतःची समजूत काढायला माणसाला फार वेळ लागत नाही.

"नाही," आत्या म्हणाली.

"मग थांबण्यात धोका आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्याच आठवड्यात त्यांनी पिटूचा डोळा काढला.

काढलेला डोळा तपासून आला, तेव्हा पिटू पट्टी बांधून वहिनीच्या मांडीवर बसली होती. आत्या पट्टीच्या बाजूला उभी होती. तिला इतके दिवस अन्न गोड लागलं नव्हतं.

"कॅन्सर नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

वहिनीने पोरीला इतकं आवळलं की ती कळवळली. मग तिने आत्याचा हात ओढून घेतला आणि त्यावर कपाळ टेकून हुंदके द्यायला लागली. "वाचली हो ताई, वाचली आपली पोर." आत्याही रडली. तिला मनापासून आनंद झाला होता.

डॉक्टरीणबाई मात्र हसल्या नाहीत. "आत जंताची अळी सापडली. पिल्लांच्या पोटात गोल जंत असतात. त्यांची अंडी घाणीतून मातीत जातात, तिथे काही आठवडे पिकतात, आणि मातीच्या हातांनी मुलांच्या पोटात जातात. तिथून एखादी अळी डोळ्यात. म्हणूनच मी विचारलं होतं."

"पण गोळी झाली होती," आत्या म्हणाली.



"कोणाला?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

आत्याने सांगितलं. शेड, पोतं, मातीचा स्वयंपाक, सगळं.

"नाक्यावरची ती गोळी चपट्या जंतांवरची," डॉक्टरीणबाई शेवटी म्हणाल्या. "हे गोल जंत पिल्लू आईच्या पोटातूनच घेऊन येतं. त्यांना ती लागू पडत नाही. त्यांचं औषध वेगळं, आणि ते पुन्हा पुन्हा द्यावं लागतं."

वहिनीने आत्याचा हात अजून सोडला नव्हता. "तेव्हा आम्ही हो म्हटलं असतं तर?"

"रक्त तपासलं असतं, औषधं दिली असती. नजर अधू राहिली असती कदाचित. डोळा काढला नसता."

वहिनीने हात सोडला. ती ओरडली नाही, रडलीही नाही. "ताई," ती म्हणाली, "मी तुम्हाला विचारलं होतं. माझ्या शेजारीच बसला होतात तुम्ही."

"हो," आत्या म्हणाली.

तो आवाज पिटूने ओळखला. त्या बाजूचं तिला काहीच दिसेना, म्हणून तिने अख्खी मान वळवली, आणि आत्या दिसताच तिच्याकडे जायला दोन्ही हात पुढे केले. वहिनीने ते हात हळूच धरले आणि खाली घेतले.