चावि, चावी आणि मी

मित्रांनो, मी एक जुना बाण आहे. रामाच्या भात्यातला समजू नका. संगणकावरच्या आकृतीत दोन चौकटी जोडणारी रेघ, एवढाच माझा जीव. पण राग आहे हो, पोटभर!

माझा जन्म नागपुरातल्या एका लहानशा ऑफिसात झाला. तिथे अपेक्षा आणि अश्विन आकृत्या काढायचा प्रोग्राम लिहीत होते. आकृती फाइलमध्ये साठवताना बाण कोणत्या चौकटीला जोडलेला आहे, हे लिहून ठेवावे लागते. अपेक्षा म्हणाली, "हरेक चौकटीले एक पक्का नंबर देऊ. नाव बदललं तरी तो बदलणार नाही."

अश्विन हसला. "काहून वं? नाव आहे ना! नंबर कोण वाचून राहिला?"

झाले. माझ्या पोटात नाव लिहिले गेले. वर त्याने आणखी एक शहाणपणा केला. नाव सापडले नाही, तर बाण गुपचूप जवळच्या चौकटीला चिकटवायचा.

पुढे मी कळमेश्वरच्या एका कारखान्यात कामाला लागलो. माझे एक टोक मोठ्या टाकीला, दुसरे 'वाफेची चावि' या चौकटीला. टाकी उघडण्याआधी कोणती चावी, म्हणजे व्हॉल्व्ह, बंद करायची, हे कामगार मला बघून ठरवत. "बाण पाह्य ना गा!" असे एकमेकांना सांगत. माझी छाती फुगत असे.

मग कारखान्यात आले सुमंतसाहेब. शुद्धलेखनाचे भारी वेड. 'चावि' दिसताच त्यांनी वेलांटी दीर्घ केली. चौकट 'चावी' झाली. माझ्या पोटात मात्र 'चावि'च राहिली. फाइल पुन्हा उघडली, तेव्हा मी त्या ऱ्हस्व चावीला शोध शोध शोधले. ती कुठेच नव्हती! मला ओरडायचे होते. पण प्रोग्रामने मला फरफटत नेऊन शेजारच्या थंड पाण्याच्या चावीला चिकटवले आणि ती आकृती तशीच छापून भिंतीवर लावली गेली.

त्या विभागात नवीन आलेल्या अंकुशने मला पाहिले, थंड पाण्याची चावी बंद केली आणि टाकीचे झाकण उघडले. वाफेने त्याचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला.

"बाण चुकला," अश्विन म्हणाला. माझ्या अंगाची लाही लाही झाली. मी चुकलो?

अपेक्षा दवाखान्यात जाऊन आली. अंकुशने विचारलेले तिने अश्विनला जसेच्या तसे ऐकवले. "मॅडम, मी तं बाण पाहूनच चावी बंद केली. मंग वाफ आली काहून?" आता चौकटींना नंबर आले आहेत. आता!

मित्रांनो, नावे खुशाल सुधारा, पण कोणाची ओळख नुसत्या नावावर टांगू नका. आणि काही सापडले नाही, तर सरळ 'सापडत नाही' म्हणा. मला तेवढे दोन शब्द बोलू दिले असते, तर अंकुश आज आपल्या हाताने जेवला असता.