डबे आपण भरतो

पहिलं प्रूफ

भाऊजी सोमवारी दुपारी जेवले, डब्यातल्या गोळ्या घेतल्या आणि आडवे झाले. चार वाजता ताई चहासाठी उठवायला गेली तर अंग गार. त्यांच्या डब्यात माझ्या गोळ्या निघाल्या. दर रविवारी डबे आपण भरतो.

घडलं ते लिहा म्हणून डॉक्टरांनी सांगितलं, मी इतकंच लिहिलं. मनोरुग्णांच्या या वॉर्डात पेन मिळत नाही, टोकदार काहीच मिळत नाही. लहान मुलांचा जाड मेणाचा खडू मिळतो, हिरवा. त्याने काढलेली वेलांटीसुद्धा पोटुशी दिसते.

डॉक्टरांनी वाचून विचारलं, डबे म्हणजे जेवणाचे का. औषधाचे, मी सांगितलं. सोम ते रवि, सात झाकणांचे. निळा भाऊजींचा, पांढरा माझा. भाऊजींचं हृदय मुळातच मंद, आणि माझ्या गोळ्या हत्तीला पेंगायला लावणाऱ्या. डब्यात असेल ते न बघता गिळायची त्यांची सवय.

डॉक्टरांनी आपल्या पेनाने एका शब्दाभोवती गोल काढला.

"आपण म्हणजे कोण?"

"तुम्ही मला रोज म्हणता, आपण बसा. मी बसते. तुम्ही उभेच असता."

ते हसले नाहीत. पुन्हा लिहा म्हणाले.

समासात

माझ्याबद्दल दोन गोष्टी माहीत असलेल्या बऱ्या. एक, मी एकोणीस वर्षं छापखान्यात प्रुफं तपासली. दोन, मला घरी जायचंय.

पाच महिने झाले. गुरुवारी समिती बसणार आहे. भाऊजींचा मृत्यू चुकून झाला असं ठरलं तर मी घरी. मुद्दाम ठरलं तर मागची इमारत. तिच्या खिडक्यांना काच, काचेच्या आत जाळी, जाळीच्या आत परत काच. तिथून परत येऊन तिथल्या जेवणाला नावं ठेवलेला माणूस मला अजून भेटलेला नाही.

आणि घरी जायचं तर नातेवाइकाची सही लागते. मला नातेवाईक एकच, ताई. तिच्याच घरी मी राहते. राहत होते. [दोन्ही ठेवा.]

दुसरं प्रूफ

दर रविवारी डबे भरले जातात.

"कोणाकडून?" डॉक्टर म्हणाले. म्हणजे कर्मणी प्रयोग त्यांनाही शाळेत होता तर.

तिसरं प्रूफ

दर रविवारी डबे आम्ही भरतो.

हे वाचून ते खुर्ची ओढून पुढे सरकले. आधी आपण, मग कोणीच नाही, आता आम्ही. त्यांचं म्हणणं असं की माणूस दुरुस्त करतो ते बनवलेलं असतं; पहिल्या झटक्यात निसटतं तेच खरं. मग आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, डबे तुमच्या ताईही भरायच्या का. मी खाली बघितलं. खाली बघणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे.

त्यांनी फाईलमध्ये बरंच लिहिलं. दुसऱ्याच दिवशी तपास अधिकारी ताईच्या दारात गेले. दोन्ही डब्यांवर तिच्या बोटांचे ठसे होतेच. असणारच. घरातली धूळ पुसते कोण?

तळटीप

छापखान्यात खिळे जुळवणारा एक जुळारी होता. माझ्या चष्म्यावरून विनोद करायचा, दोन भिंगं आणि तरी नवरा सापडत नाही वगैरे. एकदा एका संस्थेच्या अहवालात त्याने अध्यक्षांच्या नावामागे 'श्री.'ऐवजी 'कै.' जुळवलं. अध्यक्ष चांगले धडधाकट, उद्घाटनाला येऊन बसलेले. अहवाल उघडला आणि स्वतःला कैलासवासी झालेलं वाचलं. जुळाऱ्याची नोकरी त्याच आठवड्यात गेली.

मालकांनी मला बोल लावला, पण मऊ. एवढ्या वर्षांत एक चूक नजरेतून सुटली तर सुटली.

सुटली नव्हती. सुटू दिली होती.

डॉक्टरांना ही गोष्ट मी सांगितलेली नाही. माझ्या हातून शब्द निसटतो यावर त्यांचा विश्वास बसलाय, तो कशाला मोडा. संशय एकीवर असला की तो गुन्हा होतो. दोघींत सारखा वाटला की पातळ होतो, कोणाच्याच अंगाला लागत नाही. ताईला थोडा त्रास होईल हे धरलेलं होतं. ती सोसते.

न दिलेलं प्रूफ

दर रविवारी डबे मी भरते. निळाही, पांढराही.

भाऊजी गेले त्याच्या आधीच्या आठवड्यात, जेवताना ते ताईला म्हणाले, "आपण हिची कुठेतरी सोय करू."

माझ्या समोर म्हणाले, भाजी वाढून घेता घेता. ताई ताटाकडे बघत राहिली. 'आपण'मध्ये ऐकणारा धरलेला असतो, हे तिसरीतल्या पोरालाही कळतं. मी दीड हातावर बसून ऐकत होते. मला धरलं नव्हतं. मी 'हिची' होते.

रविवार आला. ताई बाहेरच्या खोलीत शिवणयंत्रावर बसली होती. मी दोन्ही डबे उघडले. [पुढची ओळ वगळा.]

बुधवार, भेटीची वेळ

भेटीच्या खोलीचं कुलूप किल्लीबाई उघडते. ती इथली परिचारिका. कमरेला एवढ्या किल्ल्या की ती येण्याआधी तिचा आवाज येतो. ताई आली तेव्हा किल्लीबाई दाराशीच उभी राहिली, पण तिचं लक्ष घड्याळाकडे होतं.

ताई वाळली होती. अधिकारी तीनदा येऊन गेले, म्हणाली. शेजाऱ्यांकडेही चौकशी केली. शिवायला कपडे येईनासे झाले. हे सगळं तिने वाणसामान सांगावं तसं सांगितलं. मग माझ्या पाठीमागे आली आणि माझे केस विंचरायला लागली. कंगवा तिने घरून आणला होता.

"त्या रविवारी मी कुठे होते ग?"

"मशीनवर."

"मग डबे आपण कसे भरले?"

"व्याकरणात होतं तसं कधी कधी."

कंगवा थांबला. आरसा नव्हता, तिचा चेहरा मला दिसला नाही. मग कंगवा पुन्हा चालू झाला, गुंता न ओढता, हलक्या हाताने.

"लहानपणी काच फुटली की तू माझं नाव पुढे करायचीस."

"तुला मार कमी बसायचा."

"बसायचा, चिमणे," ताई म्हणाली. "तुला दिसायचा नाही."

तिने वेणी घातली, टोकाला गाठ मारली. उद्या सही करायला येते म्हणाली.

गुरुवार

समितीने चाळीस मिनिटं घेतली. निष्कर्ष असा: दोन बहिणी, दोन डबे, भरताना अदलाबदल, नेमकी कोणाच्या हातून ते ठरवता येत नाही, हेतू सिद्ध होत नाही. डॉक्टर माझ्याकडे बघून हसले. पाच महिन्यांत पहिल्यांदा.

फॉर्मवर 'नातेवाइकाची सही' असं छापलं होतं. ताईने कागदावरून पेन न उचलता एका ओढीत सही केली.

छपाईसाठी मंजूर

घरी येऊन तीन दिवस झाले. आज रविवार आहे, दुपार. भाऊजींची खुर्ची भिंतीला टेकवून ठेवली आहे. निळा डबा कुठेच नाही. पांढरा टेबलावर, मधोमध. सातही झाकणं लावलेली.

मी हात पुसून डबा ओढायला जाते. रविवार ना, भरायला हवा.

ताई पेल्यात पाणी ओतते आहे.

"राहू दे. तुझा डबा मी भरलाय."

मी.

घरातल्या कुठल्याच कामाला ताई हा शब्द लावत नाही. आयुष्यभर तिचं सगळं 'आपलं' असतं: आपलं घर, आपली माणसं, आपल्याला काय करायचंय. सवयीने मी वाक्यात चूक शोधते. कर्ता, कर्म, क्रियापद. काहीही दुरुस्त करण्यासारखं नाही.

वॉर्डात पाच महिने किल्लीबाई कागदी कप पुढे करायची. तोंड उघड, गीळ, जीभ वर. कपात काय आहे हे बघायची सोय नव्हती, आणि नंतर बघावंसं वाटेनासं झालं.

ताई 'रवि'चं झाकण उघडते. टिक् असा आवाज येतो. आतलं ती मुठीत घेते.

"तोंड उघड."

तोंड उघडतं. गोळ्यांचा रंग तरी बघावा म्हणून मी मान खाली घालते.

ताई हनुवटीला दोन बोटं लावून ती वर करते. हलक्या हाताने, केस विंचरताना करायची तशी.