हेरिंग रोमधले तेरावे दार

मित्रांनो, मी आता जे सांगणार आहे त्यावर तुमचा विश्वास बसणार नाही. आजवर कोणाचाच बसलेला नाही. एक पितळी पाटी, कोणाचाही हात न लागता, दारावर आपली आपण उलटी फिरली आणि त्यामुळे एका म्हाताऱ्याचे आणि त्याच्या मुलीचे घर वाचले. ती पाटी मीच.

मी एक जुनी पितळी नंबरपाटी आहे. बंदराकडे तोंड करून एका ओळीत उभ्या असलेल्या हेरिंग रोच्या घरांपैकी एका घराच्या निळ्या दारावर मी दोन स्क्रूंनी बसवलेली आहे. माझ्या खाली, हातभर अंतरावर, पत्रे टाकायची फट आहे आणि तिच्यावर एक पितळी झडप. दिवसभर तोंडाची उघडझाप करणे हाच तिचा धंदा. ती मध्येच बोलली तर तुम्ही लक्ष देऊ नका.

माझे पितळ एका बुडालेल्या जहाजाच्या घंटेचे आहे. झडप म्हणते की आम्ही दोघी एकाच फुटक्या पातेल्यातून निघालो. असो.

ओळीतले तेरावे घर म्हणून माझ्यावर प्रथम तेरा कोरले गेले. पहिला भाडेकरू सायलस मार्ल, मासेमारीच्या बोटीवरचा माणूस. सामानाची गाडी दारात उभी करून त्याने माझ्याकडे पाहिले आणि बायकोला म्हणाला, ‘परत चल.’ समुद्रावर जाणारी ही माणसे बोटीवर डुकराचे नाव घेत नाहीत, हिरवा स्वेटर घालत नाहीत आणि तेराखालून घरात शिरत नाहीत. बायकोने गाडीतून उतरायला साफ नकार दिला. तेव्हा सायलसने मला काढले आणि माझ्या पाठीवर बारा-ए कोरून घेतले. पितळ महाग होते, नवी पाटी कोण करणार? तेरा लाकडाकडे आणि बारा-ए जगाकडे, अशी मी पुन्हा दारावर चढले. पोस्टमनने ते मानले, गल्लीने मानले. नगरपालिकेच्या दप्तरात मात्र घर तेराच राहिले. इतकी वर्षे त्यावाचून कोणाचे काही अडले नाही.

त्या घरात मी मोठे वैभव पाहिले. सायलसच्या नातवाचे नाव अमॉस. त्याची बायको हेस्टर दर शनिवारी मला चिंधीने घासायची. मी अशी चमकायचे की एकदा धुक्यात एका कप्तानाने मला दीपगृह समजून बोट थेट आमच्या पायरीशी आणली होती. ‘हेस्टर, तुझी पाटी बघून टोपी नीट करता येते,’ असे शेजारी म्हणत. मग हेस्टर गेली. चिंधी खिळ्यावर तशीच राहिली. खाऱ्या वाऱ्याने मी हिरवी पडत गेले, आणि माझ्याकडे मान वर करून पाहणारे कोणी उरले नाही.

घर मार्लांचे कधीच नव्हते. पिढ्यान्‌पिढ्या भाड्याचे. म्हातारा मालक वारला आणि त्याच्या पुतण्याने पत्र धाडले. घर विकायचे आहे. तुम्ही राहता म्हणून आधी तुम्हाला विचारतो. शुक्रवारी दुपारी बारापर्यंत बँकेचा होकार दाखवा, नाहीतर सुट्टीवर येणाऱ्यांना आठवड्याने खोल्या देणारा एक गृहस्थ तयार आहे.

अमॉसची मुलगी ग्वेंडा गावातली बस चालवते. पगार नियमित, कोणाची पेनी बुडवलेली नाही. तिने गृहकर्जासाठी अर्ज केला आणि बँक अडून बसली. का, ते मंगळवारी संध्याकाळी कळले. कर्जाची कामे करून देणाऱ्या नोरीन पॅक्स्टनबाई कागद घेऊन पुढच्या खोलीत बसल्या होत्या. झडपेच्या फटीतून मला सगळे ऐकू येते.

“ग्वेंडा, तू घर किती वेळा बदललंस गं?”

“एकदाही नाही. ह्याच घरात जन्मले मी. सोफासुद्धा हलवलेला नाही.”

“कर्ज देण्याआधी बँक बघते ती तुझी पतनोंद म्हणते, नऊ वर्षांत अकरा वेळा. तेरातून बारा-एमध्ये, बारा-एमधून परत तेरात.”

“मग सामान उचलायला मला का नाही बोलावलंस?” अमॉस म्हणाला.

नोरीनबाईंनी समजावून सांगितले. गॅसचे बिल बारा-एच्या नावे, मतदारयादी तेराच्या. फोन बारा-एचा, पगाराचा कागद तेराचा. नवा कागद आला की नोंदी ठेवणारे मशीन समजे, बाई पुन्हा घर सोडून गेली.

“चूक एवढीशी आहे,” त्या म्हणाल्या, “पण पैसे बुडवून पळणारी माणसं अशीच घरं बदलतात. बँक घाबरते.”

“दुरुस्त होईल ना?”

“नोंद पूर्ण दुरुस्त व्हायला काही आठवडे जातील. पण दोन्ही नंबर एकाच घराचे, असं पालिकेचं पत्र मी मिळवलंय. बँक ते मानायला तयार आहे. घोडं दुसरीकडेच अडलंय. घराची किंमत ठरवायला बँकेचा व्हॅल्युअर काल येऊन गेला.”

“कधी? मला तर कोणी दिसलं नाही.”

“त्याला घर दिसलं नाही. बारा बघितलं, बारा-ए बघितलं, चौदा बघितलं. लिहून दिलं, सदर घर जागेवर आढळले नाही.”

मित्रांनो, तो गृहस्थ माझ्याच खाली उभा राहून सँडविच खाऊन गेला होता. उलटी टांगलेली असले तरी मला त्या शब्दांची लाज वाटली.

“गुरुवारी दहाला पुन्हा येतोय,” नोरीनबाई म्हणाल्या. “पुढच्या दाराचा फोटो काढणार. कागदावरचा तेरा नंबर दारावर दिसला पाहिजे. ह्या वेळी परत गेला तर शुक्रवार हातातून गेला म्हणून समज.”

कप बशीवर ठेवल्याचा आवाज आला.

“ह्या दारावर तेरा लागायचं नाही,” अमॉस म्हणाला.

“बाबा, फोटोपुरतं. कागदावर लिहिते, चिकटवते, तो गेला की काढते.”

“समुद्राला फोटोपुरतं कळत नाही, ग्वेंडा.”

“तुम्ही बोट सोडून वीस वर्षं झाली.”

“जेबेझ तेरा जणांच्या बोटीवर गेला होता. मी धक्क्यावर उभं राहून मोजली होती माणसं. हसलो होतो मी.” जेबेझ त्याचा थोरला भाऊ. त्या बोटीची एक फळीसुद्धा परत आली नव्हती. “लाव तुला लावायचं तर. तेरा लागलं की मी त्या दारातून आत येणार नाही. खलाशांच्या आश्रमात एक कॉट रिकामी आहे, मी विचारून ठेवलंय.”

नोरीनबाईंनी कागद गोळा केले आणि दारातून बाहेर पडताना ग्वेंडाचा दंड दाबला. बुधवारी दिवसभर त्या घरात फक्त चमच्यांचे आवाज होते. बाप ‘मीठ दे’ म्हणायचा आणि मुलगी द्यायची.

गुरुवारी वारा सुटला होता. साडेनऊलाच ग्वेंडा दाराबाहेर येऊन उभी राहिली. एका हातात चिकटपट्टी, दुसऱ्या हातात जाड कागद, त्यावर काळ्या शाईत तेरा. तिने कागद उचलून माझ्यावर धरला. वाऱ्याने तो फडफडत होता. तिचा हात तसाच राहिला, राहिला, आणि मग खाली आला. कागदाची घडी करून तिने खिशात घातली.

“बाबा,” ती आत वळून म्हणाली, “राहू दे. तुम्हाला घालवून घर घेऊन मी काय करू? दुसरीकडे कुठेतरी खोल्या बघू. मी त्याला कोपऱ्यावरच सांगून येते.”

गल्ली अरुंद, गाड्या कोपऱ्यावरच थांबतात. ती तिकडे चालत गेली. मी तिची पाठ पाहत होते. चिकटपट्टी अजून मुठीत होती. कोपऱ्यावर एक करडी गाडी येऊन थांबली.

आणि मित्रांनो, आता नीट ऐका. मी श्वास घेतला. दोन्ही स्क्रू सैल सोडले. दारापासून बोटभर पुढे आले, हवेत एक गिरकी घेतली आणि पुन्हा घट्ट बसले. इतकी वर्षे लाकडाला टेकून राहिलेल्या तेराला खारा वारा कधी लागलाच नव्हता. घडवल्या दिवसासारखे ते लखलखत होते.

ग्वेंडा त्या माणसाला सांगत होती, साहेब, उगाच त्रास दिला, अर्ज मागे घेते. तो म्हणत होता, एवढं आलोय तर नजर टाकून जातो. बोलत बोलत दोघे पायरीशी आले.

“हे काय, आहे की तेरा,” तो म्हणाला. “सोमवारी कुठे होतं हे?”

ग्वेंडाने माझ्याकडे पाहिले, मग मुठीतल्या चिकटपट्टीकडे. “इथंच होतं,” ती शेवटी म्हणाली.

त्याने फोटो काढला, आत जाऊन भिंती ठोकल्या, छताकडे पाहिले. स्वयंपाकघरात अमॉस बसला होता. तो घरातच होता, आश्रमात गेला नव्हता. पाटी स्वतःच फिरली म्हटल्यावर तो बिचारा कोणाशी भांडणार? व्हॅल्युअर गेल्यावर दोघांचे एवढेच बोलणे झाले:

“बटरची सुरी कोणी वाकवली, बाबा?”

“ब्रेड कडक होता.”

शुक्रवारची सकाळ सरता सरत नव्हती. ग्वेंडाने रजा काढली होती आणि फोन मांडीवर घेऊन ती पायरीवर बसली होती. अकरा वाजले. साडेअकरा झाले. बाराला दहा मिनिटे असताना नोरीनबाईंचा फोन आला. ग्वेंडा ऐकत राहिली, ‘हो’ म्हणाली, पुन्हा ‘हो’ म्हणाली, आणि फोन ठेवून ती उठली व तिने डोके दाराला टेकवले. तिचा माथा मला लागला. दुसऱ्या दिवशी शनिवार होता. खिळ्यावरची चिंधी खाली उतरली.

म्हणून मित्रांनो, माझे एवढे ऐका. तुमच्याविषयी कोणी दूर बसून काय लिहून ठेवले आहे ते अधूनमधून पाहत जा. सगळीकडे एकच नाव, एकच पत्ता देत जा. चूक एवढीशी असते, पण ती ऐन वेळी दारात आडवी पडते. आणि आम्हा मुक्या वस्तूंना विसरू नका. आठवड्यातून एकदा फडके फिरवा. कारण वेळ आली की एक जुनी पाटी, कोणाचीही मदत न घेता, केवळ मनाच्या जोरावर—

“खोटं,” झडप म्हणाली. “मनाचा जोर म्हणे. बटरच्या सुरीने फिरवलं तुला, आणि मी काय झोपले होते? ग्वेंडा कोपऱ्याकडे वळली तसा म्हातारा बाहेर आला. एक स्क्रू त्याच्या हातून दोनदा पडला, दुसऱ्या खेपेला माझ्याच फटीत अडकला. पाठीमागे काय आहे ते त्याला आजोबांनी लहानपणीच दाखवलं होतं. तेरा बाहेर करून त्याने तुला घट्ट बसवलं. मग तिथंच उभा राहिला. मागच्या दाराने आत जाता आलं असतं त्याला, कोण बघत होतं? पण टोपी काढली, डोळे मिटले, जेबेझचं नाव घेतलं आणि तुझ्याखालूनच आत गेला. जाताना आपल्या दोघींना म्हणाला, ‘ग्वेंडाला सांगू नका.’ तू शब्द पाळतेस, ते ठीक. पण श्रेय कशाला घेतेस गं?”