पसरट पोटाची होडी

मी एक जुनी शिडाची होडी आहे. रंगाने मळकट पिवळी, अंगाने पसरट. मित्रांनो, माझं कौतुक आज मीच सांगणार आहे, कारण पहिली दोन वर्षं ते कोणी केलंच नाही!

मला घडवणारा सुतार मात्र मोठा जाणता. त्याने माझा तळ सपाट ठेवला आणि मधोमध एक फळी बसवली. खोल पाण्यात ती खाली सोडायची, म्हणजे वारा मला आडवं ढकलत नाही; उथळ पाण्यात दोरीने वर ओढायची. फळी वर घेतली की मी घोटाभर पाण्यातूनही मजेत जाते. पण गिऱ्हाईक यायचं, "ही होडी आहे की आंघोळीचा टब?" म्हणून हसायचं आणि चालू लागायचं. मी कारखान्यात धूळ खात पडले. त्यातच शेजारी एक निळी होडी येऊन उभी राहिली. सडपातळ, चकचकीत, पितळी कड्यांची. खोटं कशाला बोलू, माझा नुसता जळफळाट झाला.

एके दिवशी घड्याळजी आले. जन्मभर घड्याळं दुरुस्त केली, आता दुकान मुलाकडे सोपवलेलं. होडी घ्यायची ही पहिलीच वेळ. सोबत त्यांची थोरली बहीण, आक्का. गुडघा दुखरा, हातात काठी. समोरच्या बेटावर दोघांचं बालपण गेलेलं. वडील तिथला दीपस्तंभ सांभाळायचे. पुढे बेटाचा धक्का कोसळला, लाँच बंद पडली, आणि चाळीस वर्षं आक्का ते बेट नुसतं लांबून बघत राहिली.

घड्याळजींनी खिशातलं भिंग डोळ्याला लावलं आणि निळीची एकेक कडी न्याहाळली.

"आक्का, काय काम आहे बघ! हीच घ्यायची."

आक्का मात्र काठी टेकत वाकली. निळीच्या पोटाखाली लोखंडाचा भला मोठा पंख होता. "हे काय हो? ही वाळूला लागणार कशी?"

"नाही लागणार," सुतार म्हणाला. "शेवटी छातीभर पाण्यात उतरावं लागेल."

"मी उचलून नेईन की तुला," घड्याळजी घाईघाईने म्हणाले.

"मी काय गोणी आहे? मला माझ्या पायांनी उतरायचंय तिथे. नाहीतर इथेच बरी आहे मी."

मग ती माझ्याकडे वळली. माझ्या काठावर हात ठेवला, एक पाय आत टाकला, दुसरा टाकला आणि ऐसपैस बसली.

"अगं, पण लोक हसतील," घड्याळजी कुरकुरले.

"हसू देत. बेटावर मला न्यायचंय की लोकांना?"

झालं! घड्याळजींनी तोंड पाडून मला घेतलं. निळी दुसऱ्याच दिवशी दाताच्या डॉक्टरांनी उचलली.

पहिल्या दिवशी घड्याळजी फळी खाली सोडायलाच विसरले आणि आम्ही खेकड्यासारखे आडवे सरकत गेलो. पण सुताराने त्यांच्याकडून महिनाभर घोटून घेतलं. मग एका सकाळी, छान वारा असताना, आम्ही बेटाकडे निघालो. डॉक्टरही सहकुटुंब निघाले होते. निळी आमच्या शेजारून सुसाट गेली. "टब आला, टब आला!" त्यांची पोरं ओरडली.

बेट जवळ आलं आणि खर्रकन आवाज झाला. निळी वाळूत रुतली होती, काठापासून चांगली पन्नास पावलं दूर.

"आक्का, फळी!"

आक्काने दोन्ही हातांनी दोरी ओढली. फळी वर आली, आणि मी निळीला मागे टाकत थेट कोरड्या वाळूला लागले. आक्का उतरली. स्वतःच्या पायांनी! काठी माझ्यातच राहिली होती, तिच्या लक्षातही आलं नाही. ती दीपस्तंभाच्या पायरीवर जाऊन बसली, हसली आणि मग रडली. अभिमानाने माझं शीड नुसतं फडफडत होतं. डॉक्टरांच्या मंडळींनाही मीच दोन खेपांत काठावर आणलं. पोरं तिसरी खेप मागत होती.

मित्रांनो, होडी निवडताना रंग जरूर बघा, पण जरा खाली वाकायचेही कष्ट घ्या. आणि घरी आणल्यावर तिचा तळ विसरू नका. आमचे घड्याळजी आता दर वर्षी मला पालथी घालतात, तेच भिंग डोळ्याला लावतात आणि माझ्या पसरट पोटाची एकेक चीर शोधून बुजवतात. आक्का शेजारी खुर्ची टाकून बसते आणि विचारते, "झालं का रे? वारा सुटलाय."