टेकू

हॉस्पिटलसमोरचं, महिन्याच्या बोलीवर खोल्या देणारं ते हॉटेल म्हणजे अर्धं हॉस्पिटलच होतं. कुणाच्या डोक्याला पट्टी, कुणाच्या नाकात नळी, आणि सगळे पायजम्यावरच लिफ्टने खाली कपडे धुवायला. आमच्या खोलीत एक पलंग, एक ओटा, विजेची शेगडी आणि गुडघ्याएवढा फ्रिज. पहिल्याच दिवशी मी मॅनेजरबाईंना सांगून टाकलं, की आमचा पलंग आम्ही आवरू, तुमच्या माणसांनी तसदी घ्यायची नाही. त्या हसल्या आणि रोज माणूस पाठवत राहिल्या. मग मी तो यायच्या आत चादर ताणून बसायचे.

आमचे हे घड्याळजी. तीस वर्षं मनगटी घड्याळं दुरुस्त केली आणि मग हात थरथरायला लागले. आधी चिमट्यातून स्क्रू निसटायचे, पुढे घास तोंडापर्यंत जाईना. अकरा वर्षं काय काय औषधं केली त्याचं पुराण नको. शेवटी इथल्या डॉक्टरीणबाईंनी ह्यांच्या मेंदूत दोन बारीक तारा सोडल्या आणि छातीत कातडीखाली काडेपेटीएवढं यंत्र बसवलं. जखम भरली की यंत्र चालू करायचं आणि दर दोन-तीन दिवसांनी बोलावून त्याचा जोर जुळवायचा, म्हणून एवढा मुक्काम. हात थांबले तर दुकान पुन्हा उघडायचं, नाहीतर परत गेल्यावर किल्ली भाच्याच्या हातात ठेवायची, असं हे निघतानाच ठरवून आले होते.

यंत्र चालू झालं. डॉक्टरीणबाई ह्यांच्याकडून कागदावर गोल गोल वळणं काढून घ्यायच्या आणि खूश व्हायच्या. दर खेपेला रेघ आधीपेक्षा सुधारलेली. बाई म्हणायच्या, छान, एवढा जोर पुरे. आणि खोलीवर आलो की पाण्याचा पेला ओठांशी जाईपर्यंत निम्मा शर्टावर. मला काही उलगडेना, आणि बाईंना सांगू म्हटलं तर हे म्हणायचे, त्या जाणत्या आहेत, तू मधे बोलू नकोस. चार खेपा अशाच गेल्या. शेवटच्या खेपेच्या दिवशी सकाळी ह्यांनी मोजे घालता घालता सांगितलं, की एवढंच होणार होतं, संध्याकाळी भाच्याला फोन करतो. मी म्हटलं, करा, मी काय तोंड धरलंय? आणि न्हाणीघरात जाऊन नळ सोडून पोटभर रडले.

त्या दिवशी तपासणीच्या खोलीत माझी नेहमीची मागची खुर्ची कुणीतरी नेली होती, म्हणून मी ह्यांच्या शेजारी बसले. हे वळणं काढायला लागले आणि मी पाहतच राहिले. करंगळी टेबलावर रोवलेली, कोपर बरगडीत दाबलेलं, आणि श्वास बंद. दुकानात भिंग डोळ्याला लावून बसायचे, अगदी तस्से. माझं डोकंच फिरलं.

"डॉक्टर, हे लबाडी करतायत."

ह्यांना राग आला. लबाडी कसली, म्हणे, कामाला बसलो की मी असाच बसतो. आणि खरंच, बिचाऱ्यांना ठाऊकच नव्हतं. बारीक काम समोर आलं की हाताला टेकू द्यायचा आणि श्वास धरायचा, हे इतकं अंगात मुरलेलं, की परीक्षेतही तेच केलं.

डॉक्टरीणबाईंनी वाकून ह्यांची करंगळी आणि कोपर नीट पाहिलं. मग म्हणाल्या, की चुकले मी, मी इतके दिवस टेकलेल्या हाताची मापं घेत होते. त्यांनी ह्यांना खोलीच्या मधोमध उभं केलं, दोन्ही हात पुढे धरायला लावले आणि श्वास कोंडू नये म्हणून मोठ्याने आकडे म्हणायला सांगितले. हात असे उडायला लागले, की मला बघवेना. बाई यंत्राचा जोर कमीजास्त करायच्या हातातल्या काचेवर बोट सरकवत होत्या. जोर वाढला तशी सातावर ह्यांची जीभ जड झाली. बाईंनी जोर उतरवला, तारेवरच्या दुसऱ्या जागेवरून थोडा थोडा चढवला. एकवीस. बावीस. थरथर बारीक झाली, नुसती बोटांच्या टोकांशी उरली, आणि मग तिथूनही गेली.

हे तेविसावर थांबले ते थांबलेच. दोन हात हवेत होते, कशालाही न टेकलेले, आणि हलत नव्हते. मी दोन पोरं जन्माला घातली, सासऱ्यांचा शेवटचा श्वास पाहिला, पण असं अंग शहारून कधी आलं नव्हतं. एवढं मोठं दुखणं, अकरा वर्षांचं, आणि बाईंनी नुसतं काचेवर बोट फिरवलं होतं. हे आपले हात उलटेसुलटे करून बघत होते, दुसऱ्या कुणाचे असावेत तसे.

बाई हळूच म्हणाल्या, काहीतरी करून बघा, मनाला येईल ते. समोर पेन होतं, पेला होता, बटणं होती. हे माझ्याकडे वळले. माझ्या कानातल्या कुडीची फिरकी सैल होऊन लोंबत होती. ह्यांचा हात माझ्या चेहऱ्याकडे आला तशी मी डोळे मिटून मान मागे घेतली. कधीकाळी माझ्या कपाळावरचा केस बाजूला करताना ह्यांचं थरथरतं बोट माझ्या डोळ्यात गेलं होतं. त्यानंतर ह्यांनी माझ्या तोंडाला हात लावला नव्हता, आणि मीही कधी विषय काढला नव्हता.

"हलू नकोस," हे म्हणाले.

"मी कुठे हलतेय?"

"हलतेयस गं," म्हणाले, आणि दुसऱ्या हाताने माझी हनुवटी धरून ठेवली.