बांगड्यासाठी आलेली निलगिरीची बाटली

मित्रांनो, मी एक जुनी निळी बाटली आहे. माझ्या गळ्याशी टवका उडालेला आहे आणि पोटात आज कोळिष्टकांशिवाय काही नाही. पण एके काळी माझ्यात निलगिरीचे तेल होते, अगदी बुचापर्यंत. बूच नुसते सैल केले तरी समोरच्याच्या डोळ्यांत पाणी यायचे. त्या वेळचा माझा तोरा काय वर्णावा!

माझा जन्म भट्टीतला. एका घामाघूम माणसाने लांब नळीतून फुंकर मारली आणि मला आकार आला. पुढे तेल भरून मी मुंबईच्या एका दुकानात येऊन उभी राहिले. ही एकोणीसशे तीसच्या आसपासची गोष्ट आहे. माझ्या शेजारी अत्तराच्या कुप्या होत्या. आपल्यालाही एखादे श्रीमंत गिऱ्हाईक नेईल, असे मला वाटे. नेले ते लवूने. लवू रत्नागिरीजवळच्या मिऱ्याचा, मासे मारणाऱ्या घरातला मुलगा. तो मुंबईच्या गोदीत ओझी वाहायला आलेला होता. त्याने दुकानदाराला विचारले, "आमच्या बांगड्या कुत्र्याच्या गोचिड्यांवर कायतरी असंल तर द्या." माझी रवानगी कुत्र्याकडे! खरे सांगते, मला फार राग आला.

लवूचा शेजारी महिपत शिमग्याला गावी निघाला होता. लवूने मला त्याच्या हाती दिले आणि बजावले, "बाबांना सांग, हे लय जहाल हाय. खोबरेलात थेंब टाकायचा, चिंधी भिजवायची नि बांगड्याच्या गोणपाटाशेजारी टांगायची. त्याच्या अंगाला लावायचं नाय. नि मी येईन तवा तो मला धक्क्यावर दिसला पायजे."

आगबोटीत डोलत डोलत मी मिऱ्याला पोचले. लवूचे वडील दाजी आणि आई सत्यवती यांनी मला दोन्ही हातांनी घेतले. लेकाने पाठवलेली वस्तू होती ना मी! सत्यवतीने मला ओटीवरच्या कोनाड्यात ठेवले. तिथून मला अंगण दिसे, अंगणातली उपडी होडी दिसे आणि गोणपाटावर पसरलेला तो, बांगड्या. बांगडा माशासारखे त्याच्या पाठीवर काळे पट्टे होते, म्हणून हे नाव. लवू मुंबईला गेल्यापासून आगबोटीचा भोंगा वाजला की तो धक्क्याकडे धावत सुटे, उतरलेल्या माणसांचे पाय हुंगे आणि मान खाली घालून परत येई. आपली गरज कोणाला आहे ते मला कळले, आणि माझा राग कुठल्या कुठे गेला.

सत्यवतीचा हात जपून चाले. ती महिपतने सांगितल्याप्रमाणे चिंधी भिजवून खांबाला टांगी. पहिल्यांदा बांगड्याला सटासट शिंका आल्या आणि तो अंगणाच्या टोकाला जाऊन बसला. मग सत्यवतीने चिंधी आणखी दूर टांगली. तेव्हा तो परत आला. रोज ती त्याचे कान उलटून, गोचिड्या वेचून राखेत टाकी. खरे काम तिच्या बोटांचेच होते, पण नाव माझे झाले. शेजारची मालन म्हणाली, "काय गो सत्यवती, तुजा कुत्रा आता निजतो तरी!" मी कोनाड्यात फुगून बसले.

वैशाख आला. पावसाळ्याआधीच्या शेवटच्या आगबोटीने लवू येणार, असा निरोप आला. दाजींच्या आनंदाला घर अपुरे पडू लागले. लेक येणार म्हणून त्यांनी कुंपण नीट केले, चूल सारवायला लावली. एवढ्यात बांगड्याच्या मानेवर पुन्हा गोचिड्या दिसल्या. त्याने खाजवून कातडे लाल केले होते. दाजींचे तोंड उतरले. "पोराला काय दाखवू मी?" असे ते स्वतःशीच म्हणत राहिले.

त्या सकाळी सत्यवती मासळीची पाटी घेऊन बाजाराला गेली होती आणि दाजी होडीला तेल चोपडत होते. मिऱ्यावर ती रीतच होती. पावसाआधी होडी वर ओढायची आणि मोरी माशाचे तेल फळीफळीला पाजायचे. लाकूड जितके पिईल तितके ते टिकते, हे दाजींनी जन्मभर पाहिलेले. तेलाने माखलेल्या हातांनी ते कपाळ पुसायला थांबले आणि त्यांची नजर बांगड्यावर गेली. मग कोनाड्यावर गेली.

"थेंबानं काय होणार?" ते म्हणाले. "ये रे बांगड्या, तुलापण चोपडतो. पोरगा येईस्तवर चकचकीत होशील."

त्यांनी माझे बूच काढले. बांगड्याने तोंड फिरवले. दाजी हसले, "लाजतोस काय मेल्या?" त्यांनी त्याला गुडघ्यांत धरले आणि मला त्याच्या पाठीवर उपडे केले. मानेला, पोटाला, शेपटीपर्यंत, फळीला चोळावे तसे चोळले. बांगड्या थरथरत होता, पण जागचा हलला नाही. मी मात्र हलकी हलकी होत गेले. शेवटचा थेंबही त्यांनी झटकून काढला.

मित्रांनो, होडी आपले अंग चाटत नाही. कुत्रा चाटतो. अंगाची आग झाली म्हणून बांगड्या उन्हात बसून चाटत राहिला, आणि ते जहाल तेल त्याच्या पोटात गेले. दाजी होडीच्या दुसऱ्या अंगाला गेले होते. त्यांनी पाहिले तेव्हा त्याच्या तोंडाला फेस आला होता आणि मागचे पाय त्याला उचलता येत नव्हते.

सत्यवती आली ती पाटी टाकून धावली. तिने रिठ्याच्या पाण्याने त्याला पुन्हा पुन्हा धुतले, कोरड्या लुगड्यात गुंडाळले. "अवो, सगळं ओतलंत? सगळं?" एवढेच ती बोलली. दाजी त्याचे डोके मांडीवर घेऊन बसले. दिवेलागणीच्या सुमारास बांगड्याने एकदा त्यांच्या मनगटाला जीभ लावली. त्यानंतर त्याचा श्वास थांबला. दुसऱ्या दिवशी उंडीच्या झाडाखाली दाजींनी स्वतः खड्डा खणला.

त्याच दुपारी शेवटची आगबोट आली. दाजी धक्क्यावर गेलेच नाहीत. लवू एकटाच चालत अंगणात आला. इकडेतिकडे बघत तो वडिलांच्या पाया पडायला वाकला आणि त्याचा चेहरा एकदम उजळला.

"बाबा, तुमच्या हाताला वास येतोय! वापरलंत ना तेल? लागू पडलं? कुठं हाय तो?"

दाजींनी हात पाठीमागे नेले. सत्यवतीने पदर तोंडाला लावून सांगितले. लवू तसाच उंडीखाली गेला आणि बराच वेळ तिथे पाठमोरा उभा राहिला.

परत आला तेव्हा दाजी म्हणाले, "मला शिव्या दे रे. गप नको ऱ्हाऊ."

लवूने शिव्या दिल्या नाहीत. त्याने घंगाळात पाणी काढले, रिठे चुरले, वडिलांना पायरीवर बसवले आणि त्यांचे हात धुऊ लागला. एका बोटामागून एक बोट तो चोळत होता. दाजी लहान मुलासारखे रडत होते. "जाईल वास, बाबा," तो म्हणाला. वास काही जात नव्हता. तरी तो धूतच राहिला.

पुढे मला कोणी हात लावला नाही. मला फेकून देण्याचाही कोणाला धीर झाला नाही. मी कोनाड्यातच राहिले.

मित्रांनो, तुमच्याही घरी मुके जनावर असेल. त्याच्यासाठी काही औषध, काही तेल आणाल, तर ते जाणत्याला विचारून आणा आणि आधी लांबून हुंगायला द्या. त्याने तोंड फिरवले, तर ते त्याचे 'नको' आहे असे समजा. धरून ठेवू नका. बांगड्याला पळता येत होते, चावता येत होते. हात दाजींचा होता, म्हणून तो उभा राहिला.