तिसऱ्या मजल्यावरची टोपली

मी कैरोतल्या एका गल्लीवर लटकणारी टोपली. फय्यूम गावच्या बायांनी मला खजुरीच्या पात्यांची विणली आणि बाजारात विकली. तेव्हापासून मी दौलतखालाच्या गच्चीच्या कठड्याला आहे. दोरीवरून खाली जायचं, पाव आणि कांदे घेऊन वर यायचं. जाता-येता दर मजल्यावरच्या खिडकीत डोकावते मी. कोणाकडे काय शिजलं, कोण कोणाशी बोलत नाही, मला सगळं ठाऊक असतं. फक्त सांगता येत नाही, आणि या रमजानात त्याचाच जीवाला घोर लागला.

दौलतखालाला साखरेचा आजार. सकाळी इन्शुलिनची सुई टोचून घ्यावी लागते आणि वेळेवर जेवावं लागतं. डॉक्टरनं रोजे साफ बंद केले. खालच्या मजल्यावरची इनायत तेव्हा सोबत होती. तिनं घरी येऊन फर्मान काढलं, "खाला, दुपारचं ताट माझ्याकडून येईल. निमूट जेवायचं."

"तू रोज्यात, आणि माझ्यासाठी ताट वाढणार?"

"मी रोज्यातच असते, चुलीला थोडाच रोजा असतो?"

मग रोज दुपारी इनायत माझ्यात झाकलेलं ताट ठेवी, दोरीला हिसका देई. थोड्या वेळानं धुतलेलं ताट खाली येई. इनायत खूश. पण मी कठड्यावरून बघत होते ना. खाला ताटातलं सगळं डब्यात काढून ठेवी, ताट घासून पुसून परत पाठवी आणि जपाची तसबीह घेऊन खुर्चीत बसे. सुई मात्र रोज टोचायची. दिवस कलला की तिची बोटं थरथरत. डबा उघडायचा तो सूर्य मावळल्यावर, मगरिबच्या बांगेनंतर.

एकदा ती माझी दोरी सोडवता सोडवता पुटपुटली, "दिवसभर खाल्लेल्या माणसाला बांगेचं काय कौतुक? सगळी गल्ली वाट बघत बसते, आणि मी काय नुसती भिंतीकडे बघू?"

मला वाटे, दोरी तुटावी आणि कोणीतरी वर यावं.

परवा दुपारचं ताट माझ्यातच राहिलं. मला वर ओढून खाला खुर्चीत बसली ती उठलीच नाही. ऊन कलल्यावर ती भिंतीला धरून आली. कपाळावर घाम, नजर कुठे भलतीकडेच. बहुधा खालून चिंचेचं सरबत मागवायचं होतं. तिनं मला उचलून कठड्यापलीकडे सोडलं आणि तिचे हात सुटले, हिसक्यानं दोरीही तुटली.

मी थेट रस्त्यावर. ताट दूर गडगडलं, भात आणि मुलूखियाची पातळ पालेभाजी सरबतवाल्या हनफीच्या पायांवर. त्यानं आधी भात बघितला, मग वर बघितलं. "इनायतबाई, अहो, तुमचं दुपारचं ताट आत्ता खाली आलंय. भरलेलं."

इनायत धावतच आली. हनफीनं सरबताची बाटली माझ्यात टाकली आणि मला तिच्या हातात अडकवलं. ती जिना चढत होती, मी तिच्या कोपराला आपटत होते. दार नुसतं ओढलेलं होतं.

खाला कठड्याशी पडलेली. इनायतनं तिचं डोकं मांडीवर घेतलं, बाटली ओठांना लावली. म्हातारीनं ओठ घट्ट मिटले.

"बांग... झाली?"

"नाही झाली. साखर पार उतरलीय तुझी, पी."

"एवढा दिवस निभावला. थोडक्यासाठी..."

"देवानं तुला सूट दिली, आणि तू ती त्याच्या तोंडावर परत फेकतेस होय गं?"

ओठ उघडेनात. खालाचे डोळे मिटायला लागले. मग इनायतनं बाटली स्वतःच्या तोंडाशी नेली. "बरं तर. आधी मी पिते, मग तू. माझा रोजा कोणामुळं मोडला ते वर विचारतील तेव्हा तुझंच नाव सांगेन."

खालाचा हात कसाबसा वर आला, बाटलीवर पडला. "बावळट कुठली. आण इकडे."

ती प्याली. घोट घोट, रडत. बाटली संपत आली तेव्हा कुठे तिनं इनायतला नावानं हाक मारली आणि माझाही जीव भांड्यात पडला. मग बांग झाली. इनायतजवळ रोजा सोडायला काहीच उरलं नव्हतं. खालानं खुर्चीखालचा डबा ओढला, त्यातला खजूर काढला आणि तिच्या तोंडात घातला. इनायत चावत होती आणि म्हातारी तिच्याकडे टक लावून बघत होती.

आता माझी एक कड उसवलीय, दोरीला नवी गाठ आहे. इनायत दुपारचं ताट माझ्यातून पाठवत नाही, स्वतः घेऊन येते. उपाशीपोटी समोर बसते आणि शेवटचा घास जाईपर्यंत हलत नाही. खाला रस्त्याकडे पाठ करून जेवते, कोणा रोजेदाराला दिसू नये म्हणून. कुरकुर करते, पण जेवते. तरी दुपार झाली की माझं लक्ष तिच्या बोटांकडेच असतं.

माझं अर्धं काम गेलं, जाऊ दे. तुमच्याही गल्लीत वरच्या मजल्यावर कोणी एकटं असेल, तर ताट दोरीवर सोपवू नका. आम्हा टोपल्यांना तोंड नाही. जिना चढा.